खरबी, निवटी आणि त्यांना नावं देणारी माणसं

खाजण
मागच्या रविवारी उरणच्या बाजारातून खरब्यांचा एक वाटा आणला. साफ करायला बसलो तेव्हा दहा वर्षांची लेक शेजारी होती. एक खरबी उलटी करून तिने विचारलं, "बाबा, हिच्या पोटाला ही वाटी कसली?" लहानपणापासून शेकड्यांनी खरब्या साफ केल्यात, पण त्या वाटीकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

ती वाटी म्हणजे पोटाकडचे दोन पर. बाकीच्या माशांत ते सुटे असतात. खरबीत ते एकमेकांना जोडून खोलगट चकती झालेली असते, आणि तिच्या आधाराने मासा ओहोटीच्या ओढीतही तळाला धरून राहतो. असे मासे म्हणजे गोबी. जगभरात त्यांच्या दोन हजारांच्या आसपास जाती आहेत. बहुतेक बोटाएवढे किंवा त्याहून लहान, आणि सगळ्यात जास्त उष्ण प्रदेशातल्या खाड्या, नद्या आणि प्रवाळांत. आपली निवटीही याच गोतावळ्यातली.

त्या दिवसापासून जेवणं झाली की रोज हेच वाचतोय. माशांइतकंच मला ते ओळखणाऱ्या माणसांनी धरून ठेवलंय, म्हणून हा धागा.

खरबीचं शास्त्रीय नाव ग्लॉसोगोबियस गियुरिस. हे गियुरिस नाव १८२२ चं. फ्रान्सिस बुकानन नावाचा स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, पुढे आईकडचं हॅमिल्टन हे आडनाव घेऊन त्या नावाने ओळखला गेला. १८०७ ते १८१४ अशी सात वर्षं त्याने बंगाल-बिहारचं सर्वेक्षण केलं. त्यात शेती, देवळं, विणकर सगळं होतं आणि नद्यांतले मासेही. इथल्या चित्रकारांकडून त्याने माशांची चित्रं काढून घेतली. १८१५ मध्ये मायदेशी निघाला तेव्हा कलकत्त्याच्या सरकारने ती चित्रं ठेवून घेतली. गंगेच्या माशांवरचं त्याचं पुस्तक एडिंबरोला छापलं गेलं, त्यात आपली खरबी आहे.

निवटीची गोष्ट तर थेट आपल्या चिखलातली. तिचं नाव बोलिओफ्थाल्मस दुसामिएरी. दुसामिए हा बोर्दोचा व्यापारी. मालाच्या जहाजांबरोबर हिंदुस्थानच्या किनाऱ्याला फेऱ्या करायचा आणि प्रत्येक फेरीत पॅरिसच्या संग्रहालयासाठी प्राणी गोळा करून न्यायचा. त्याने मुंबईहून नेलेल्या निवट्यांवरून तिथल्या मत्स्यतज्ज्ञ व्हॅलेन्सिएनने १८३७ मध्ये ही जात नोंदवली आणि आणणाऱ्याचं नाव तिला दिलं. म्हणजे उद्या कुणाला "ही खरी दुसामिएरीच का?" अशी शंका आली, तर मुंबईच्या चिखलातून निघून पॅरिसच्या बरणीत जाऊन बसलेल्या त्या निवट्यांशी ताडून पाहावं लागणार. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

कुणाला या माशांबद्दल, या माणसांबद्दल माहिती असेल तर लिहा. एक प्रश्न विशेष आहे: इतक्या बारीक माशांत फरक पाहतात तरी कसा?

शेवाळ
खाजणदादा, सुंदर धागा. आमच्या आजीची आठवण आली. निवट्या राखेत घोळवून बुळबुळ काढायची आणि कैरी घालून कालवण करायची. शिवडीच्या चिखलावर ओहोटीच्या वेळी त्या अजून दिसतात. मान इकडून तिकडे हलवत चिखल चाटत चालल्यासारख्या चालतात.

खाजण
शेवाळताई, ते चाटणंच आहे. चिखलावर उन्हात वाढणारी सूक्ष्म शेवाळाची साय ती खरवडून खाते. गुजरातेत भावनगरकडे हिला लेवटा म्हणतात, तिथेही ती आवडीने खातात.

ओसाकाहून
दादा, इथे जपानमध्ये गोबीला हाझे म्हणतात. शरद ऋतूत खाडीच्या काठावर घरंच्या घरं गळ टाकून बसतात आणि संध्याकाळी त्यांचा टेम्पुरा होतो. अगदी आपल्या खरबीसारखा घरचा मासा.

आणि या देशाचे निवृत्त सम्राट अकिहितो हे गोबींचे शास्त्रज्ञ आहेत. मी आधी समजले की राजघराण्याचा छंद असेल, मग त्यांचे लेख उघडून पाहिले. पहिला १९६३ चा, गोबींच्या खांद्याच्या हाडावरचा. ते तेव्हा युवराज होते, वय तिशीच्या आत. १९६७ मध्ये त्यांनी जपानमधल्या इलिओट्रिस या प्रजातीचा गुंता सोडवला (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, सगळ्यांना समजावं म्हणून लिहिलं). हे मासे गोबींच्या शेजारच्या कुळातले. एकमेकांसारखे दिसणाऱ्या चार जाती त्यांनी डोक्यावरच्या बारीक संवेदी ठिपक्यांच्या ओळी पाहून वेगळ्या केल्या.

आता तुमच्या खरबीचा संबंध. १९७५ मध्ये त्यांनी मेगुरो या सहकाऱ्याबरोबर ग्लॉसोगोबियस ऑरियस ही नवी जात नोंदवली. तुमच्या गियुरिसची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची. पुढच्या वर्षी त्याच प्रजातीतली आणखी एक. २०१९ च्या एप्रिलअखेर गादी सोडली आणि २०२१ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, कॅलोगोबियस प्रजातीतल्या दोन नव्या जातींचं वर्णन प्रसिद्ध केलं. २००७ मध्ये, प्राण्यांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत बसवणाऱ्या लिनियसच्या जन्माला ३०० वर्षं झाली तेव्हा लंडनच्या लिनियन सोसायटीत त्यांचं व्याख्यान झालं. जपानमध्ये वर्गीकरणशास्त्र कसं रुजलं हा विषय. ते छापलेलं आहे, मिळालं तर जरूर वाचा. त्यात सम्राट कुठेच बोलत नाही, अभ्यासकच बोलतो.

वानुआतूच्या ओढ्यांत सापडलेल्या गोबींच्या एका प्रजातीला २००७ मध्ये अकिहितो हेच नाव दिलं गेलं.

काचघर
मी पुण्यात गेली पंधरा वर्षं मत्स्यालयं सांभाळतोय. घरी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे ब्रॅकीगोबियस आहेत, इंचभराचे. पाळणारे आम्ही लोक रंगावरूनच ओळखतो. मग शास्त्रज्ञांना डोक्यावरचे ठिपके मोजायची वेळ का येते? रंग पुरत नाही का?

प्रयोगवही
काचघर, तुमचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते, गोबी माझा विषय नाही, पण नमुने हाताळलेत. जरा सविस्तर लिहिते.

मासा फॉर्मालिनमध्ये आणि मग अल्कोहोलमध्ये गेला की लाल, पिवळा, निळा सगळे उतरतात. राहतो तो तपकिरी रंग आणि काळे ठिपके. दीडशे वर्षांपूर्वीच्या बरणीतली गोबी आणि आज धरलेली गोबी रंगावरून ताडताच येत नाही. म्हणून जी खूण बरणीतही टिकते ती शोधावी लागते: परांतले काटे आणि मऊ किरणं किती, अंगावर खवल्यांच्या ओळी किती, मानेवर खवले आहेत का, पोटाच्या चकतीचा पुढचा पडदा पूर्ण आहे की नाही, पाचवं किरण केवढं.

आणि डोकं. बहुतेक माशांच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, पाण्यातली हालचाल जाणणारी. गोबीच्या अंगावर ती नसते. तिचं काम डोक्यावर गोळा झालेलं असतं: कातडीखालच्या बारीक नळ्या, त्यांची बाहेर उघडणारी छिद्रं आणि गालावर टाचणीच्या टोकाहून लहान उंचवट्यांच्या ओळी. ओळ आडवी की उभी, एकेरी की दुहेरी, डोळ्याखाली कुठे तुटते, यावरून जाती वेगळ्या होतात. खरबीच्या प्रजातीत हीच खूण फार कामाची आहे.

हे उंचवटे नुसते दिसत नाहीत. मासा सायनीन ब्लू या निळ्या रंगात क्षणभर बुडवतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली ओळी उठून येतात. हाडं पाहायची तर मांस पारदर्शक करून हाडांना अ‍ॅलिझरिनचा लाल रंग देतात. मी पहिल्यांदा असा मासा पाहिला तेव्हा वाटलं, काचेच्या देहात कुणी कुंकवाने सांगाडा काढलाय.

अशा एका माशाला अर्धा दिवस सहज जातो. आणि एका माशावरून जात ठरवणं धोक्याचं, जमतील तेवढे पाहावे लागतात.

काचघर
बाई, मनापासून आभार. आज रात्री भिंग घेऊन टाकीसमोर बसणार.

पाणबुडा_मालवण
रंगाच्या बाजूने थोडं लिहितो. मी लक्षद्वीपला आणि अंदमानला बराच काळ डायव्हिंग शिकवलंय. प्रवाळावर ज्या बटू गोबी असतात, एव्हिओटा आणि ट्रिमा, त्या नखाएवढ्या. एका हाताच्या अंतरावरून नुसता लाल ठिपका हलल्यासारखं वाटतं. या दोन्ही प्रजातींत आज प्रत्येकी शंभराहून जास्त जाती आहेत, आणि त्यातल्या कित्येक जिवंतपणीच्या रंगावरून आधी ध्यानात आल्या, मग बाकीच्या खुणा सापडल्या.

यात मोठा वाटा हवाईच्या बिशप संग्रहालयातल्या जॉन रँडल यांचा. आयुष्यात आठशेहून जास्त नव्या माशांचं वर्णन केलं, २०२० मध्ये ९५ व्या वर्षी गेले. मासा पाण्याबाहेर आला की रंग उतरायच्या आत पर पसरून टाचण्या लावायच्या आणि फोटो घ्यायचा, ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली. आज पाण्यातले कॅमेरे आलेत म्हणून काम सोपं वाटतं. त्याआधी बहुतेक लोकांना हे मासे दिसलेच नव्हते.

धरायचे कसे, तर बरेच जण लवंगेचं तेल वापरतात! अल्कोहोलमध्ये मिसळून फटीत पिचकारी मारायची, मासा गुंगतो, मग पिशवीत घ्यायचा. दात दुखला की आपण लावतो तेच तेल.

रोखठोक
धागा आवडला, पण एक प्रामाणिक शंका. डोळ्याला दिसत नाहीत अशा माशांची दोनशे नावं करून नेमकं काय मिळतं? वाघ, घोळ, पापलेट यांचं समजू शकतो.

पाणबुडा_मालवण
रोखठोक, शंका रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

२००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठातल्या डेपचिन्स्की आणि बेलवुड यांनी ग्रेट बॅरिअर रीफवरच्या एव्हिओटा सिगिलाटा या गोबीचं वय मोजलं. ढोमीच्या डोक्यात पांढरे खडे असतात ना, तसे बारीक खडे या माशातही असतात आणि त्यावर रोज एक वलय वाढतं. वलयं मोजली. सगळ्यात म्हातारा मासा ५९ दिवसांचा! पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत तेव्हा नोंदलेलं हे सर्वांत छोटं आयुष्य. त्यातले तीन आठवडे उघड्या पाण्यात पिल्लू म्हणून, मग एक-दोन आठवड्यांत वयात येणं, आणि उरलेल्या साडेतीन आठवड्यांत अंडी घालणं, राखणं, मरणं.

आता हिशेब बघा. इतक्या भराभर जन्मतात आणि खाल्ले जातात की प्रवाळावरची पुढची साखळी त्यांच्यावर चालते. २०१९ मध्ये सायमन ब्रँडल आणि सहकाऱ्यांनी मांडलं की प्रवाळावर जेवढं मत्स्यमांस खाल्लं जातं त्यातलं जवळजवळ ६० टक्के या तळाशी लपून राहणाऱ्या चिमुकल्या माशांकडून येतं. तुम्ही म्हणता ते मोठे मासे अशाच अन्नावर उभे असतात. आणि यातली कुठली जात कमी होतेय हे कळायला आधी ती वेगळी जात आहे हे माहीत हवं. सिगिलाटाला नाव मिळालं १९८३ मध्ये, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधल्या सुसान ज्युएट आणि अर्नेस्ट लॅकनर यांच्याकडून. ते नाव नसतं तर २००५ मध्ये वय कुणाचं मोजलं हेच सांगता आलं नसतं.

रोखठोक
पटलं. साठ टक्के हा आकडा डोक्यात राहील. माझा प्रश्न मागे घेतो.

ट्राममधून
मी कोलकात्यात असते. हॅमिल्टनची एक गोष्ट मला फार प्रिय आहे: त्याने माशांना लॅटिन-ग्रीक नावं शोधण्यापेक्षा इथल्या लोकांच्या तोंडची नावं घेतली. गंगेत एक पारदर्शक गोबी आहे, तिचं नाव त्याने ठेवलं चुनो. बंगालीत चुनो माछ म्हणजे बारीकसारीक मासळी, ती इथे अजून बाजारात याच नावाने मागतात. दुसरी एक गोबी सदानुंदिओ. ज्या कोळ्यांनी त्याला मासे दाखवले त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, पण त्यांचा शब्द मात्र दोनशे वर्षं जगभरच्या पुस्तकांत छापला जातोय.

अडचण एकच. हॅमिल्टनने नमुने जपून ठेवले नाहीत. म्हणून गियुरिस म्हणजे नक्की कुठला मासा, हे पुढच्यांना वर्णनावरून आणि चित्रांवरून ठरवावं लागलं. ओसाकाताई म्हणतात तो खरबी-बहिणींचा गुंता होण्याचं हेही एक कारण असणार.

प्रयोगवही
अगदी. शिवाय भारतातल्या गोबींची पहिली मोठी झाडाझडती घेतली ती लायडनच्या कौमन्स यांनी, १९४१ मध्ये, इंडियन म्युझियमच्या प्रकाशनात. त्याआधी बटाव्हियातला (आजच्या जकार्तातला) लष्करी डॉक्टर ब्लीकर, आणि मद्रासचा फ्रान्सिस डे. डेने वर्णन केलेली एक गोबी पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या ओढ्यांत राहते, सिसिऑप्टेरस ग्रिसियस. तिची चकती एवढी बळकट की वाहत्या पाण्यात खडकाला चिकटून वर सरकते. खाजण यांच्या लेकीला सांगा, त्या वाटीचा खरा पराक्रम तिथे आहे.

खाजण
सांगितलं! तिने लगेच वहीत चित्र काढलं.

कातळशिल्प
सगळ्यात लहान मासा गोबीच आहे असं शाळेत शिकल्याचं आठवतं. खरं का?

पाणबुडा_मालवण
बराच काळ खरं होतं. आधी फिलिपीन्सची पंडाका पिग्मिया, आल्बर्ट हेरे यांनी १९२७ मध्ये नोंदवलेली. मग मालदीवच्या दक्षिणेला चागोस बेटं आहेत, तिथे १९७८-७९ मध्ये एक मोहीम गेली. तिच्यात मिळालेली ट्रिमॅटन नॅनस ही जात टोरंटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमचे रिचर्ड विंटरबॉटम आणि अ‍ॅलन एमरी यांनी १९८१ मध्ये जाहीर केली. अंडी धरलेली मादी ८ ते १० मिलिमीटर, बासमतीच्या दाण्याएवढी. त्या दाण्यात हृदय, आतडी, अंडाशय सगळं. २००६ मध्ये सुमात्राच्या दलदलीतल्या एका माशाने तिला मागे टाकलं, तो गोबी नाही.

विंटरबॉटम यांनी त्यानंतर चार दशकं ट्रिमाच्या मागे घालवली. २०१४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डीएनएची तपासणी केली, तर ज्यांना आपण एकच जात म्हणत होतो अशा अनेकांत दोन-दोन, तीन-तीन वेगळे गट निघाले. ज्या माणसाने स्वतः एवढ्या जाती वेगळ्या केल्या, त्यानेच "अजून आहेत" हे दाखवून दिलं. मला हे फार मोठं वाटतं. त्यांच्या नावाचीही एक ट्रिमा आहे, रँडल आणि एका सहकाऱ्याने १९९४ मध्ये नोंदवलेली. या मंडळींत एकमेकांची नावं माशांना देण्याची रीत आहे.

आमच्या समोर, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, आंग्रिया बँकेचं प्रवाळ आहे. कान्होजींच्या नावाचं. तिथे कुणीतरी फक्त या बोटभर माशांसाठी महिनाभर उतरावं, अशी माझी फार इच्छा आहे.

शेवाळ
निवटी गोबीच्या कुळातून बाहेर काढली असं कुठेतरी वाचलं. मग खाजणदादांनी गोतावळ्यात धरली ते चूक का?

प्रयोगवही
चूक नाही, गोतावळा तोच आहे, घर वेगळं झालंय. १९८९ मध्ये एडवर्ड मर्डी यांनी निवट्यांच्या सगळ्या गटाची नव्याने मांडणी केली, तेव्हा त्या गोबींच्या कुळातलं उपकुळ होत्या. पुढे डीएनएवरून, विशेषतः क्रिस्टीन थॅकर यांच्या २००९ च्या कामानंतर, दिसलं की गोबींच्या दोन मोठ्या शाखा आहेत. निवटीची शाखा आता बऱ्याच याद्यांत ऑक्सुडर्सिडी नावाने वेगळं कूळ धरली जाते.

मर्डींचं आणखी एक काम आपल्याशी जोडलेलं आहे. व्हॅलेन्सिएनने त्याच १८३७ च्या खंडात डेंटॅटस नावाची दुसरी निवटीही नोंदवली होती. मर्डींनी नमुने ताडून सांगितलं की ती आणि दुसामिएरी एकच. त्यामुळे जुन्या कागदांत डेंटॅटस दिसली तर गोंधळू नका. नावं वाढवण्याइतकंच, चुकून झालेली नावं मिटवणं हेही या लोकांचं काम आहे, आणि त्याचं कौतुक कमी होतं.

ओसाकाहून
खाजणदादा, एक सोपी गोष्ट घरी पाहता येईल. ग्लॉसोगोबियस या नावातला ग्लॉसो म्हणजे जीभ. खरबीच्या जिभेच्या टोकाला मधोमध खाच असते, जीभ दोन पाकळ्यांची दिसते. पुढच्या वाट्यात तोंड उघडून बघा.

खाजण
आज आणल्या. सात होत्या. लेकीने दाभणाने एकेकीचं तोंड उघडलं, मी टॉर्च धरला. सहा जणींच्या जिभेला स्पष्ट खाच. सातवीची जीभ टोकाला सरळ, आणि अंगानेही ती जरा बुटकी, डोकं गोलसर. मावशींनी सगळ्या एकाच पाटीतून खरब्या म्हणून दिलेल्या.

सहांचं कालवण झालं. सातवीचे पर पसरून, शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि ती बरणीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली आहे. बरणीवर लेकीने तारीख आणि "उरण बाजार" लिहिलं. बाई, गालावरच्या ओळी दिसाव्यात म्हणून तो निळा रंग कुठे मिळेल आणि किती पातळ करायचा, तेवढं सांगा.

प्रयोगवही
अजून रंगात घालू नका. आधी उजव्या कुशीचा, शेपटीजवळच्या मांसाचा छोटा तुकडा कापून वेगळ्या कुपीत शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा, डीएनए लागला तर तोच कामाला येईल. डावी बाजू अखंड राहू द्या, मोजणी नेहमी डावीकडून करतात. मावशींना विचारा मासे कुठल्या खाडीतले आणि पागाचे (फेकून टाकायच्या जाळ्याचे) की डोलीचे (प्रवाहात बांधून ठेवलेल्या जाळ्याचे), आणि तेही चिठ्ठीवर लिहा. पुढच्या शनिवारी मी पनवेलला येतेय, सूक्ष्मदर्शक बरोबर आणते. लेकीलाही घेऊन या.